नीलम्मा आत्याचा एकच सिनेमा

मिहिर, ईशा, मागच्या खेपेला मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा एका रात्री तुम्ही मला एक इंग्रजी सिनेमा दाखवला होता. एक साधा माणूस संध्याकाळी शहरात येतो आणि उजाडेपर्यंत त्याचं एकेक करून सगळं जातं. आधी छत्री, मग बूट, मग नोकरी, शेवटी पुढचा एक दातसुद्धा. तुम्ही दोघं पोट धरून हसत होता. मी मध्येच उठले, स्वयंपाकघरात गेले आणि घासून ठेवलेली भांडी परत घासली. ईशा मागोमाग आली आणि कंटाळा आला का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. मला किळस आली होती. कसली, ते उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आता टेबलाशी बसून क्रमानं लिहिते आहे.

आमचं घर हळ्ळीखेडला. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तूर-जवारीचं दुकान होतं आणि गावाबाहेर थोडी शेती. दुकानात अप्पा कानडी बोलत, घरात आम्ही मराठी, आणि सरकारी कागद आला की तो उर्दूत असे म्हणून अप्पा चष्मा लावून तो स्वतःशीच पुटपुटत वाचत. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. शाळेतले मास्तर तेच होते, पण फळ्यावरची भाषा बदलली होती. सकाळी पहिला आवाज आईच्या भाकरी थापण्याचा, दुसरा अप्पांच्या तराजूच्या साखळीचा, आणि या दोन्हींच्या मधे एक शांतता असायची. ती नीलम्मा आत्याच्या पूजेची. त्या वेळात मांजरालाही कुणी हाकलत नसे.

आत्या अप्पांची थोरली बहीण. अप्पाच काय, सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती विधवा होऊन परत आली आणि तेव्हापासून घराचा कारभार तिच्याकडे. आपण बसवण्णांना मानणारे लोक, हे तुम्हाला तुमच्या आईनं सांगितलं असेल, पण त्याचा अर्थ काय ते मी सांगते. आपल्यात प्रत्येकाला गुरूकडून स्वतःचं असं एक इष्टलिंग मिळतं. लहान सुपारीएवढं, काळं, गुळगुळीत. ते गळ्यात बांधायचं आणि रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. देव दुसऱ्या कुठल्या देवळात नसून तुमच्या हातावर असतो. आत्या सधवा असताना तिचं लिंग चांदीच्या डबीत असे. नंतर ती डबी तिनं आईला दिली आणि लिंग साध्या पांढऱ्या कापडात गुंडाळून दोऱ्यानं गळ्यात बांधलं. ते हरवलं तर परत मिळेपर्यंत, किंवा मठाच्या स्वामींकडून नवं विधीनं मिळेपर्यंत, अन्न नाही आणि पाणीही नाही. आमच्या घरात हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. तो कधी वापरायची वेळ आली नव्हती इतकंच.

मी गावातली शाळा संपवली आणि पुढे शिकायचं म्हणून हट्ट धरला. मुलींचं हायस्कूल जवळात जवळ गुलबर्ग्याला. तिथे आईचा धाकटा भाऊ चन्नमामा एका डाळीच्या गिरणीत कारकून होता. त्याच वेळी चिंताकीहून माझ्यासाठी एक स्थळ आलं. शेतीवाडीचं, दारात चार बैल. अप्पांना दोन्ही बाजू पटत होत्या, आणि ज्याला दोन्ही बाजू पटतात तो माणूस निर्णय दुसऱ्यावर टाकतो. अप्पा म्हणाले, अक्का पोरीला घेऊन गुलबर्ग्याला जाईल, दोन दिवस राहील, घर बघेल, शेजार बघेल. मी आडतीच्या कामाला येणारच आहे, तेव्हा अक्काला विचारीन. ती राहू द्या म्हणाली तर पोर राहील, न्हाई म्हणाली तर माझ्यासंगं परत येईल आणि चिंताकीला होकार जाईल. म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य एका न शिकलेल्या बाईच्या एका शब्दावर होतं. मोटारीत मी तिच्या शेजारी अशी बसले होते की जणू परीक्षेचा पेपर तिच्याच मांडीवर आहे.

मामाचं घर एका बोळात होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. आत्यानं पायसुद्धा धुण्याआधी तपासणी सुरू केली. पाण्याच्या घागरीत नाक घातलं. कोनाड्यातून बोट फिरवून बघितलं. चुलीमागची राख उकरली. शेजारणीशी भिंतीवरून कानडीत पाऊण तास बोलली आणि तेवढ्यात बोळातल्या सगळ्या घरांची माहिती काढली. सुगलामामी पदर सावरत मागे मागे. मामी फार कमी बोलायची आणि फार स्वच्छ होती, त्यामुळे माझा जीव थोडा भांड्यात पडला. बोळाच्या टोकाचा शेतखाना, म्हणजे संडास, मात्र सगळ्यांचा मिळून एक होता. त्याची टोपली दोन दिवस उचलली गेली नव्हती. तिथून परत आल्यावर आत्यानं पाय दोनदा धुतले. जेवणही तिनं घरून आणलेल्या कडक भाकरीचं आणि शेंगाच्या चटणीचं केलं. मामीनं केलेल्या पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या, भाजीचा फक्त वास घेतला आणि म्हणाली, "हात बरा हाय तुझा." मला वाटलं, झालं. आता काही बिघडू नये म्हणजे मिळवली.

बिघडवायला मामा होता. चन्नमामा हा माणूस ज्याला त्याला खूश करण्यात गर्क असे. थेटरच्या मॅनेजरशी त्याची ओळख होती, आणि ती ओळख आम्हाला दाखवल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. अक्कांनी जन्मात सिनेमा बघितलेला नाही, आज बघायचाच, असं त्यानं जाहीर केलं. आत्यानं विचारलं, देवाचा हाय का? मामा बेधडक हो म्हणाला. संध्याकाळी आम्ही चौघं निघालो.

थेटर म्हणजे पत्र्याचं मोठं गोदाम. पुरुषांच्या बाजूला बाकं, बायकांच्या बाजूला वेगळं दार आणि मधे मळका पडदा. दिवे मालवले की तो पडदा बाजूला सरकवत. त्या जागेचा वास मला आज लिहितानाही नाकात येतो. पानाच्या पिचकाऱ्या, संत्र्याची सालं, विड्यांचा धूर, कुणाच्या तरी तान्ह्या पोरानं जमिनीवर केलेलं सगळं, आणि त्यावरून पायापायानं पसरलेली शेंगांची टरफलं. पाय कुठे ठेवावा कळेना. मी परकर घोट्याच्या वर धरून बसले. आत्या बाकावर पाय वर घेऊन मांडी घालून बसली, जशी घरी पूजेला बसायची तशी.

सिनेमा देवाचा नव्हता. दोन भाचे आपल्या म्हाताऱ्या मामाला घेऊन शहरात येतात आणि तो म्हातारा रात्री टांग्यातच मरतो. परक्या शहरात आपल्यावर आळ येईल या भीतीनं ते दोघं प्रेताला मधे बसवतात, डोक्याला फेटा, गळ्यात हार, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि रात्रभर टांगा फिरवत राहतात. पोलीस येतो आणि प्रेताला सलाम ठोकतो. एक दारुडा त्याच्याकडे काडी मागतो आणि तो देत नाही म्हणून रागावतो. टांग्याला हिसका बसला की मढ्याची मान डुलते. मान डुलली की सगळं थेटर फुटल्यासारखं हसायचं, शिट्ट्या वाजायच्या, बाकांवर पाय आपटायचे. मला लाज वाटते सांगायला, पण पहिल्या दोन वेळा मीही हसले.

आत्याला ते आधी कळलंच नाही. तिनं मला विचारलं, म्हातारा झोपलाय का? मी सांगितलं, मेलाय.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. आपल्यात प्रेत आडवं नेत नाहीत. त्याला आंघोळ घालून बसवतात, कपाळाला विभूती, डोक्याला फेटा, गळ्यात हार, आणि तसं बसलेलंच मातीत ठेवतात. आत्याचा नवरा गेला तेव्हा त्याचे भाऊ लांबच्या गावाहून यायचे होते. ते येईपर्यंत रात्रभर प्रेत भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि त्याची मान कलंडू नये म्हणून सोळा वर्षांची नीलम्मा मागे बसून दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून होती. हे मला आईनं एकदा सांगितलं होतं. आत्यानं कधीच नाही.

पडद्यावर परत हिसका बसला, परत मान डुलली, परत तो गडगडाट. आत्या उभी राहिली. मागच्या बायका ओरडल्या, "अम्मा, बैठो ना. कुछ नै दिखरा." मामानं पुरुषांच्या बाजूनं मान लांब करून समजूत घातली, "अक्का, शिनिमा हाय तो. खोटं असतंय समदं."

"खोटंच करायचं होतं तर खोटं रडायचं," आत्या म्हणाली. "हसायलेत कामून? म्हादे, ऊठ."

तिनं माझं मनगट धरलं आणि अंधारात बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघाली. कुणी ढकललं, कुणी पदर ओढला, कुणी शिवी दिली. दाराशी तर दोन बायांनी तिला मुद्दाम रेटलं. आम्ही बाहेर आलो, मागून मामी, मग वैतागलेला मामा. तो टांगा बघायला वळला आणि त्याच वेळी आत्याचा हात छातीशी गेला. तिथे दोरा होता. दोऱ्याची दोन टोकं लोंबत होती.

ती ओरडली नाही. खाली रस्त्यावर बसली, तोंडातली लाळ पदराच्या टोकात थुंकली, आणि मला म्हणाली, "आता गिळायचं न्हाई."

खेळ संपेपर्यंत आम्हाला आत जाऊ दिलं नाही. मॅनेजरची ओळख तेवढी खोल नव्हती. हसण्याचे लोंढे पत्र्याच्या भिंतीतून बाहेर येत राहिले आणि आत्या त्या भिंतीला पाठ न लावता ताठ बसून राहिली. मग माणसं बाहेर पडली, दिवे लागले, आणि मी आत जे बघितलं ते अंधारात बघितलं नव्हतं हेच बरं होतं असं वाटलं. झाडूवाली एक म्हातारी होती. तिनं काय हरवलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, देव. तिनं कसला देव, कोणाचा देव, काही विचारलं नाही. पायातल्या वहाणा काढून बाहेर ठेवल्या, कंदील घेतला आणि त्या थुंकीत, त्या मुतात अनवाणी वाकून हातानं एकेक टरफल बाजूला करत शोधू लागली. मीही तिच्याशेजारी वाकले. मामी वाकली. मामा दारात नाकाला रुमाल लावून उभा होता. कुणी ओळखीचा दिसला की रुमाल खिशात घालायचा आणि तो गेला की परत काढायचा. एकदा माझ्या हाताला गोल, कठीण काहीतरी लागलं. मी उचललं. ती सुपारी होती, कुणीतरी अर्धी चावून टाकलेली. मी तिथेच ओकले. म्हातारीनं माझ्या पाठीवरून मनगट फिरवलं, तळवा घाण होता म्हणून.

लिंग सापडलं नाही. मॅनेजरनं दिवे घालवले. मामा सगळ्या वाटेनं बडबडत होता की एवढ्याशा दगडापायी अख्खी रात्र गेली, उद्या दुसरं आणू, त्यात काय. टांग्यात त्याच्या समोर आत्या बसली होती. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. घरी पोचल्यावर ती ओट्यावरच बसली, आत आली नाही. मामीनं आपणहून चूल पेटवली नाही.

पहाटे मला जाग आली ती मागे न्हाणीत कसला तरी आवाज येत होता म्हणून. मामा चिमणीच्या उजेडात उकिडवा बसला होता. देवळाबाहेरच्या दुकानदाराला उठवून त्यानं एक कोरं लिंग आणलं होतं. त्याला तो तेल आणि चुलीतली काजळी चोळत होता, म्हणजे ते जुनं दिसावं. शेजारी त्यानं स्वतःच्या जुन्या धोतराचा एक तुकडा फाडून पायाखाली धुळीत मळवायला ठेवला होता. मला बघून तो दचकला, मग हसला. तसाच हसला, जसं थेटरात हसत होते.

"म्हातारीला काय कळतंय," तो हळूच म्हणाला. "तुला शाळा पायजे ना? मग गप."

मी गप बसले. मी फक्त एवढं सांगते की मला विचार करायला वेळ होता. त्यानं ते कापडात गुंडाळलं, दोरा बांधला, चेहऱ्यावर दमल्याचा भाव आणला, बाहेरून फिरून पुढच्या दारानं आला, आणि थेटरच्या झाडूवालीला सकाळी सापडलं, ती आत्ताच देऊन गेली असं म्हणाला. इतक्या वेळात मी दहा वेळा ओट्यावर जाऊ शकले असते. मी गेले नाही. माझ्या डोळ्यांपुढे गुलबर्ग्याची शाळाच होती, तिचं लाल कौलारू छप्पर, जे आदल्या दिवशी मोटारीतून दिसलं होतं.

आत्यानं आंघोळ केली. विभूती लावली. ओल्या साडीत पूर्वेला तोंड करून बसली आणि कापड सोडून ते लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. चाळीस वर्षं एकच वस्तू त्या तळहातावर रोज बसत आली होती. तुम्ही अंधारात आपल्या घराच्या दाराची कडी हातानं ओळखता की नाही? मी तिच्या हाताकडे बघत होते. बोटं मिटायला लागली होती ती अर्ध्यात थांबली. एवढंच झालं. मग तिनं त्यावर पाणी सोडलं, बेलाचं पान ठेवलं, सगळं रोजच्यासारखं केलं, आणि ते गळ्यात बांधलं. मामीनं घाईघाईनं तांब्याभर पाणी आणि आत्यानं घरून आणलेली भाकरी पुढे ठेवली. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. विधवा बायका तेव्हा तशाच जेवायच्या. मामा समाधानानं बाहेर निघून गेला.

थोड्या वेळानं मी मागे गेले. न्हाणीच्या मोरीत नुकतंच ओतलेलं पाणी वाहत होतं. मागच्या दारात बोळातली गाय उभी होती आणि आमच्या घरची कडक भाकरी चघळत होती.

दुपारी अप्पा आले. ओट्यावर बसले, घाम पुसला, मामीकडून पाणी घेऊन गटागट प्यायले. मला ते गटागट ऐकवेना. आत्याचे ओठ फुटले होते, बोलताना ते एकमेकांना चिकटत होते. अप्पांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बरं नाही का म्हणून विचारलं. ती म्हणाली, मोटारीचं लागलंय. मग त्यांनी ते विचारलं ज्यासाठी ती आली होती. मामा कान टवकारून, मी खांबामागे.

"बाई चांगली हाय," आत्या म्हणाली, "पाणी सोच्छ हाय. शेजार बरा हाय. राहू द्या पोरीला."

"आणि चन्नप्पा?" अप्पांनी हसत विचारलं.

"तो खोटा माणूस हाय. पण शिकली म्हणजे असली माणसं वळखायला येतील तिला."

अप्पांना ती थट्टा वाटली. मामालाही वाटली, तोच सगळ्यात मोठ्यानं हसला.

आत्या गाठोडं घ्यायला आत आली तेव्हा मी आतच होते. तिनं गळ्यातलं कापड सोडलं आणि माझ्या हातात ठेवलं. "हे तुझ्या मामाचं हाय. त्याला दे." मी ते घेतलं. मी मान वर करेना. ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं."

"व्हय."

"गप बसलीस ते बरं केलंस. बोलली असतीस तर तुझ्या बापापुढं मला न्हाई म्हणावं लागलं असतं."

मी नंतर पुष्कळ शिकले, इंग्रजीची बाई झाले, तीस वर्षं मुलींना उत्तरं तपासून दिली. या वाक्याला किती गुण द्यायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ती रागावली असती तर मी आतापर्यंत ते विसरले असते.

हळ्ळीखेडला उतरल्यावर ती घरात शिरलीच नाही, परस्पर मठात गेली, हे आईनं मला दिवाळीत सांगितलं. स्वामींनी दुसऱ्या दिवशी सकाळी विधी करून नवं लिंग दिलं. मठाच्या पायरीवर ती पहिला घोट प्यायली तेव्हा तिला तो उलटून पडला, दुसरा राहिला. अप्पांना तिनं एवढंच सांगितलं की वाटेत दोरा तुटला. आई म्हणाली, कशी गं तुमची मोटार, माणसाचा देव पाडते. मी काही बोलले नाही. तोवर मला त्याची सवय झाली होती.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मला यातलं अर्धंच माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. टांगा बोळाच्या तोंडाशी वळला, आत्याची पाठ दिसेनाशी झाली. मी आत जाऊन मामाच्या हातात ती पुरचुंडी दिली. त्यानं ती खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि मला ताटावर बसवलं. मी राहणार म्हणून मामीनं गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, केली होती, वर तूप. आदल्या रात्रीपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी दोनदा वाढून घेतली, आणि ती गोड लागली.